डाव्या कानाचा पंचनामा

बजरंग वायदंड्याशी बोलायचं तर त्याच्या उजव्या अंगाला बसायचं, हे निंबखोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डावीकडून बोलणारा माणूस बजरंगच्या लेखी जागेवर नव्हताच. त्याची बायको सारिका म्हणायची, "ह्यांच्यावर चिडले की मी डावीकडं जाऊन उभी राहते. मनातलं सगळं बोलून घेते आणि मग उजवीकडं येऊन च्या देते. संसार सुखाचा चाललाय." यावर बजरंगही हसायचा. तोफखान्यात उमेदीची वर्षं घालवून हवालदार म्हणून घरी आलेला गडी, स्वभाव मुळातच हसरा. पण त्या कानाच्या संदर्भात कुणी हलगीचं नाव काढलं की त्याचं तोंड उतरायचं, आणि तो काहीतरी निमित्त काढून उठून जायचा.

त्याला कारण होतं. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळासमोर उभं राहावं लागतं. शरीरात जी काही मोडतोड झाली असेल ती नोकरीमुळे झाली की घरच्या कारणानं, हे तिथं ठरतं. मंडळाच्या डॉक्टरांनी विचारलं, "तोफ डागताना दोन्ही कानांत इअरप्लग असायचे?" बजरंग ताठ उभा राहून म्हणाला, "होय सर, कायम." खरं तर तसं नव्हतं. तोफेवर नेम लावणाऱ्याची जागा बजरंगची. तो तोफेच्या डाव्या बाजूला बसतो, आणि हुकूम देणारा तोफेचा प्रमुख, ज्याला सगळे नंबर वन म्हणतात, तो डावीकडं मागं उभा असतो. धुरळ्यात, गोंगाटात हुकूम नीट ऐकू यावा म्हणून त्यांच्या तोफेवर रिवाजच पडला होता, की नेम लावणाऱ्यानं डाव्या कानातला प्लग काढून खिशात ठेवायचा. नियमाविरुद्धच, पण चालायचं. आता हे मंडळासमोर सांगायचं म्हणजे आपल्या नंबर वनला गोत्यात आणायचं. असं कोण सांगतो? कुठलाही फौजी 'सगळं नियमाप्रमाणं' हेच सांगणार.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरी काही मोठ्या आवाजाचं काम?" आणि बजरंगला वडिलांचा अभिमान आड आला. म्हणाला, "सर, आमचे आबा सगळ्या वारणाकाठात नावाजलेले हलगीवाले. मी त्यांच्या हलगीखालीच वाढलो."

झालं. हलगी धरतात डाव्या खांद्याशी. बहिरा झालेला कान डावा. तोफेची नळी होती उजवीकडं, आणि उजवा कान ठणठणीत. मंडळानं सरळ हिशोब मांडला, की बहिरेपण वडिलोपार्जित हलगीमुळं आलं, सैन्यसेवेमुळं नव्हे. म्हणजे लष्करी इस्पितळातले पुढचे उपचार बंद. त्यावर बजरंगनं केलेली दोन अपिलं त्याच कारणानं परत आली.

उपचारांचं एक वेळ सोडा. मंडळाचा पहिला निकाल घरी कळला त्या दिवशी रावजीआबांनी, म्हणजे बजरंगच्या वडिलांनी, हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. जत्रा आली, गावकरी बोलवायला आले, आबा अंगणातूनच म्हणाले, "ज्या हातानं पोराचा कान घालवला त्यो हात आता उचलत न्हाई." गावानं त्या वर्षी स्पीकरवर भागवलं. आबा दाराला कडी लावून बसून राहिले. तेव्हापासून बजरंगला अपील जिंकायचं होतं ते त्या खुंटीवरच्या हलगीसाठी.

*

तिसऱ्या अपिलाची बातमी घेऊन आले ते सुभेदार नलवडे. शेजारच्याच गावचे, निवृत्त झालेले, आणि बजरंगच्या तोफेचे एके काळचे नंबर वन. माणूस निवृत्त झाला तरी हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. विजेची मोटारसायकल अंगणात लावता लावताच म्हणाले, "बजा, गुरुवारी कोल्हापूर. सकाळी तपासणी, दुपारी सुनावणी. धुतलेला शर्ट घाल."

"परत तेच विचारणार, साहेब."

"ह्या खेपेला विचारणार नाहीत, बघणार आहेत. श्रवणवेध आलंय."

श्रवणवेध यंत्राचं नाव तोवर गावागावांत पोचलं होतं. कारखान्यांतले जुने कामगार, विमानतळावरची माणसं, सगळे आपापले कान घेऊन त्यापुढं बसत होते. कान बहिरा आहे एवढं सांगणारी यंत्रं पूर्वीही होती. पण कान कुठल्या आवाजानं बहिरा झाला, हे सांगणारं हे पहिलंच. लोक त्याला कानाचा पंचनामा म्हणायचे.

आबा जोत्यावर बसून ऐकत होते. नलवडे गेल्यावर म्हणाले, "बजा, नको जाऊस."

"का, आबा?"

"त्ये यंत्र खोटं बोलत न्हाई म्हणत्यात. त्यानं माझं नाव सांगितलं म्हंजे? आत्ता निदान कुणी म्हणतंय की कागदावर चुकलं असंल. यंत्रानं सांगितल्यावर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"आबा, तोफेनं गेलाय माझा कान. किती वेळा सांगू?"

"मग उजवा का न्हाई गेला?"

बजरंगकडं उत्तर होतं, पण ते नलवडेसाहेबांचं होतं, आणि त्यांना न विचारता ते कुणालाच द्यायचं नाही हे त्यानं स्वतःशी ठरवलेलं. तो गप्प बसला. आबांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ काढायचा तो काढला आणि म्हणाले, "मग मीबी येतो. जे काय ऐकायचं ते माझ्या कानानं ऐकतो. माझं दोन्ही चांगलं हायेत."

*

गुरुवारी तिघंही एस. टी.नं निघाले. गाडी आपली आपण चालत होती, ड्रायव्हरची सीट रिकामी. कंडक्टर मात्र शिल्लक होता आणि पूर्वीसारखाच वैतागलेला होता. नलवडे पुढच्या सीटवर बसून रिकाम्या सीटलाच वळणं सांगत होते. आबा खिडकीबाहेर बघत होते. आणि बजरंग आळीपाळीनं दोघांकडं बघत होता, कारण त्याची एक गोष्ट या दोघांपैकी एकाला माहीत होती आणि दुसऱ्याला नव्हती.

झालं होतं असं. बजरंग एकोणीस वर्षांचा असताना एका बड्या घरच्या लग्नात बापलेक हलगी वाजवायला गेले होते. सकाळपासून मांडवाच्या दाराशी उभे. वऱ्हाड आलं, जेवलं, पंगती उठल्या. यांना पत्रावळ मिळाली ती सगळ्यांच्या शेवटी, मांडवाच्या बाहेर, उन्हात. बजरंगनं हातातली काठी तिथंच टाकली. "आबा, आजपासून मी हलगीला हात लावणार नाही. लोकांच्या दारात उभं राहून मला वाजवायचं नाही." आबांना अपमान सवयीचा होता, काठी टाकलेली सवयीची नव्हती. ते म्हणाले, "नको लावूस. पर मग कवाच लावू नकोस. टाकलेली काठी परत उचलायची नसती."

बजरंग भरती झाला. दुसऱ्याच वर्षी, सरावासाठी वाळवंटात तळ पडलेला असताना, तुकडीचा बडा खाना होता. बडा खाना म्हणजे साहेबांपासून जवानांपर्यंत सगळ्यांनी एका ठिकाणी बसून जेवायचा सण. कुणीतरी सुट्टीवरून येताना फायबरची हलगी आणली होती आणि ती इतकी वाईट बडवत होता, की बजरंगला बसवेना. तो उठला, हलगी घेतली, डाव्या खांद्याशी धरली. पुढं काय झालं ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. एवढं आठवत होतं की तो मधोमध उभा होता, भोवती सगळी तुकडी नाचत होती, आणि खुद्द कमांडिंग ऑफिसरनं त्याला आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं. तिथं त्याला कुणी दाराशी उभं केलेलं नव्हतं. त्या वर्षापासून प्रत्येक बड्या खान्याला बजरंगची हलगी ठरलेली. त्याला त्यात इतका आनंद व्हायचा, की सुट्टीवर घरी आल्यावर आबांच्या डोळ्याला डोळा देताना त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं. टाकलेली काठी त्यानं उचलली होती. ते आबांना कोणत्या तोंडानं सांगणार? आणि आता यंत्राला ती हलगी दिसली तर?

*

श्रवणवेध म्हणजे दिसायला दाढी करायच्या दुकानातली खुर्ची, फक्त डोक्यामागं एक पांढरी कमान. चालवणारी डॉक्टर शर्वरी गानू तिशीतली, बोलायला मोकळी. तिनं बजरंगच्या डाव्या कानात मऊ नळी बसवली आणि आबांना स्टूल दिलं.

"आजोबा, कानाच्या आत शंखासारखा एक वेटोळा मार्ग असतो," ती आबांनाच सांगू लागली, कारण आबा सगळ्यांत जास्त घाबरलेले दिसत होते. "त्यात बारीक केसांच्या पेशी रांगेत उभ्या असतात. दाराजवळच्या पेशी चिरक्या आवाजाला डोलतात, आतल्या ढोबळ आवाजाला. प्रत्येक पेशीचा सूर ठरलेला. आवाज झेपला नाही की ज्या सुराच्या पेशी असतील त्या मरतात, आणि माणसाच्या त्या आपोआप परत उगवत नाहीत. जागा रिकामी राहते, तिथं वण पडतो."

"म्हंजे कुणी मारलं ते वणावरनं कळतंय?"

"बरोबर. धडाका असेल तर पेशी एकदम उखडतात, कडा फाटलेल्या दिसतात. रोजचा गोंगाट असेल तर हळूहळू झिजतात. आम्ही आत प्रकाश सोडून एकेक पेशी मोजतो. मग यंत्र उलटा हिशोब करतं, की असा वण पडायला आवाज कसा असायला हवा. तो आवाज ते वाजवूनही दाखवतं."

"आणि कवाचा वण हाय, त्ये?"

गानूनं त्यांच्याकडं जरा कौतुकानं पाहिलं. "वणाशेजारी ज्या पेशी वाचतात त्यांच्यात वर्षागणिक तपकिरी रंग साठत जातो. त्यावरून काळाचा अंदाज येतो. तारीख सांगता येत नाही. पण लहानपणचा वण आणि मोठेपणचा वण यांतला फरक स्पष्ट दिसतो."

बजरंग खुर्चीत डोळे मिटून पडला होता. हे सगळं त्याला उजव्या कानानं व्यवस्थित ऐकू येत होतं, आणि न आलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं.

*

सुनावणी शेजारच्याच हॉलमध्ये होती. समितीच्या अध्यक्ष निवृत्त कर्नल पाटणकर, बारीक अंगाच्या, करकरीत आवाजाच्या बाई. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि गानूला सुरू करायला सांगितलं.

"अर्जदाराच्या डाव्या कानात दोन वण आहेत," गानू म्हणाली. "पहिला मोठा आहे. बहुतेक सगळं बहिरेपण त्याचंच. त्याचा आवाज मी ऐकवते. मुद्दाम खूप लहान करून."

स्पीकरमधून एक ठोका आला. लहान केलेला होता, तरी छातीत बसला. खिडकीची काच थरथरली. आबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तोफ त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. ते बजरंगकडं वळले आणि हळूच म्हणाले, "ह्ये रोज ऐकत हुतास?"

"सरावाच्या दिवसांत, आबा."

"घरी कवा बोलला न्हाईस ते."

पाटणकर बाईंनी मान हलवली. "तोफेचा आवाज आहे, मान्य. पण माझ्यासमोरच्या नोंदीत लिहिलंय, की हे कायम दोन्ही कानांत प्लग घालत. शिवाय नळी उजवीकडं. मग उजव्यात वण का नाही? हवालदार वायदंडे?"

बजरंग उठला. "मॅडम, सगळं नियमाप्रमाणं…" तो म्हणू लागला, आणि त्याच्या डावीकडं खुर्ची सरकल्याचं त्याला दिसलं. ऐकू अर्थातच आलं नाही.

"खोटं बोलतोय तो, मॅडम," नलवडे उभे राहून म्हणाले. "सुभेदार नलवडे. त्याच्या तोफेचा नंबर वन. डावा प्लग मी काढायला लावायचो. माझा हुकूम त्याला ऐकू यावा म्हणून. नेम चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो, त्यापेक्षा एक कान उघडा बरा, असा आमचा विचार. नियम मोडला तो मी. मला वाचवायला हा गडी इतकी वर्षं दोन्ही प्लग दोन्ही प्लग करत बसलाय. मला हे आत्ता, ह्या खुर्चीत बसून कळतंय. नाहीतर पहिल्याच मंडळापुढं येऊन सांगितलं असतं." मग ते फेरा घेऊन बजरंगच्या उजव्या अंगाला आले. "शहाणाच आहेस की. मला काय फाशी देणार होते?"

बजरंगला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पाटणकर बाईंनी समोरची नोंद बाजूला सारली. "मीही तोफखान्यात होते, सुभेदारसाहेब," त्या म्हणाल्या. "आमच्याकडंही प्लग खिशातच असायचे." आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "दुसरा वण?"

गानूनं बटण दाबलं. या वेळी आवाज बारीक, कडक, टणत्कारी. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला ओळखायला अर्धा क्षणही लागला नसता. हलगी.

आबा सावकाश उठले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बाईसाहेब, ती माझी. लिवून घ्या. पोराचा काय दोष न्हाई, पाळण्यात हुतं तवापासनं मी त्याच्या कानाशी वाजवत आलो. त्याला उपचार द्या, आन् काय शिक्षा असंल ती मला द्या."

"आजोबा, बसा," गानू मध्येच म्हणाली. "हा वण लहानपणचा नाही. रंगावरून सांगते, तोफेचा वण आणि हा वण एकाच काळातले. तेव्हा हे चांगले पंचवीस-तिशीतले होते. लहानपणच्या खुणा मी मुद्दाम शोधल्या. एकही नाही. तुमच्या हलगीनं ह्यांच्या कानाला काहीही केलेलं नाही."

आबांना ते एकदम उमगलं नाही. ते उभेच राहिले. "पर तवा ह्यो फौजेत हुता," ते म्हणाले. "त्यानं हलगी सोडलीया. माझ्यासमोर काठी टाकलीया त्यानं."

"हाच माझा प्रश्न आहे," पाटणकर म्हणाल्या. "हवालदार, सुट्टीवर घरी येऊन वाजवत होतात का? तसं असेल तर हा दुसरा वण घरच्या खात्यात जाईल, आणि सगळं प्रकरण पुन्हा वैद्यकीय मंडळाकडं पाठवावं लागेल."

बजरंगला एक क्षण वाटलं, गप्प बसावं. आणखी एक फेरा, आणखी एक अपील. सवय झालीच होती. पण गप्प बसलं तर घरची हलगी हेच कारण पुन्हा कागदावर येणार, आणि घरची हलगी म्हणजे आबांची. शेजारी नलवडे उभे होते, ज्यांनी आत्ताच कसलाही विचार न करता स्वतःचं सांगून टाकलं होतं. बजरंगनं आबांकडं तोंड केलं. समितीकडं पाठ झाली याचंही त्याला भान नव्हतं.

"आबा, मी काठी परत उचलली होती," तो म्हणाला. "दुसऱ्याच वर्षी. बड्या खान्याला. मग दरवर्षी वाजवली, निवृत्त होईपर्यंत. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. तुम्ही म्हणाला होता टाकलेली परत उचलायची नाही. पण आबा, तिथं मला कुणी दाराशी उभं करत नव्हतं. मी मधोमध उभा राहून वाजवायचो. आणि वाजवताना तुमचाच ठेका निघायचा, दुसरा मला येतोच कुठं?"

आबांच्या तोंडावर राग येतोय की आणखी काही, ते बजरंगला कळेना. शेवटी आबांनी विचारलं, "आवाज जरा कडक लागला मला मगाशी. कसली हुती?"

"फायबरची."

"फायबरची," आबा म्हणाले. टोपी परत डोक्यावर घातली. "माझ्या पोटचा पोरगा, आन् प्लास्टिकचं डबडं बडवत हुता. लाज न्हाई वाटली?"

पहिल्यांदा हसल्या त्या पाटणकर बाई. मग नलवडे असे काही हसले की बजरंगला डाव्या कानानंही ऐकू आल्याचा भास झाला. "मॅडम, साक्ष लिहून घ्या," नलवडे म्हणाले. "बडा खाना सरकारी कार्यक्रम, आणि बजाची हलगी हा कमांडिंग ऑफिसरचा हुकूम. ह्याच्याशिवाय जेवण सुरू व्हायचं नाही. तुकडीतल्या कुणालाही विचारा."

समितीनं चर्चेला फार वेळ घेतला नाही. दोन्ही वण सेवाकाळातले, दोन्हींचं कारण सेवेतलं. आधीचे निकाल रद्द. कानाचं बहिरेपण सैन्यसेवेमुळं आलं, असं पाटणकर बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि वाचताना त्या बजरंगच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. बजरंगनं सॅल्यूट ठोकला.

*

निघण्याआधी गानूनं उपचारांचं समजावून सांगितलं. नव्या पद्धतीत कानात औषध सोडून मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवतात. सगळ्या नाही, पण बऱ्याच. पावसाळ्यानंतर लष्करी इस्पितळात नंबर लागेल. तोवर मोठा आवाज टाळायचा, टाळता नाही आला तर हे वापरायचे, म्हणून तिनं इअरप्लगची डबी दिली.

"नव्या उगवल्या की जुनं वण जाणार?" आबांनी विचारलं.

"जातील. मग पंचनामा करायला काही उरणार नाही."

आबा जरा घुटमळले. "मग त्यो हलगीचा आवाज परत एकदा लावाल? त्यानं वाजवल्याली मी ऐकलीच न्हाई कवा."

गानूनं लावला. आबा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत राहिले. एवढ्या वर्षांत आपण या म्हाताऱ्याला केवढ्या गोष्टीला मुकवलं, याचं बजरंगला मनापासून वाईट वाटलं.

"ह्यात ठेका कळत न्हाई," आबा डोळे उघडून म्हणाले. "नुसता आवाजच हाय."

"कानात ठेका उरत नाही, आजोबा. फक्त आवाजाची खूण उरते."

"असू दे," आबा म्हणाले. "ठेक्याचं घरी गेल्यावर बघू."

*

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आबांनी अंगणात उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं. खुंटीवरची हलगी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि जाळावर धरून शेकू लागले. मधूनच बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, परत जाळावर धरायची. चामडं तापून ताणलं गेल्याशिवाय हलगी बोलत नाही. फायबरला हे काही लागत नाही, म्हणून तर ती कुणाच्याही हातात जाते, असं ते कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं मोठ्यानं म्हणाले. सारिकानं आतून माळ्यावरची दुसरी, जुनी हलगी आणून दिली. तीही त्यांनी शेकली. ती बजरंगच्या हातात ठेवली, आणि वर काठी ठेवली.

"उचल," म्हणाले.

बजरंगनं काठी उचलली. डबीतला एक प्लग काढून डाव्या कानात घातला. डबी मिटून खिशात टाकली.

"उजव्यातला?" आबांनी विचारलं.

"असू द्या की, आबा. तुमचा ठेका ऐकू यायला नको का?"

"हुकूम ऐकायच्या नादात एक कान घालवलास," आबा म्हणाले. "आता ठेक्याच्या नादात दुसरा घालवतोस व्हय? घाल त्यो." बजरंग हलला नाही तशी त्यांनी स्वतःच त्याच्या खिशात हात घातला, डबी उघडली आणि दुसरा प्लग त्याच्या उजव्या कानात बसवला. बसवताना त्यांची जाड, राठ बोटं कानाच्या पाळीवर जरा जास्तच वेळ राहिली. मग ते समोर जाऊन उभे राहिले आणि काहीतरी म्हणाले. बजरंगला ते ऐकू आलं नाही. आबांनी आपल्या हाताकडं बोट केलं, माझ्या हाताकडं बघ.

लहानपणी त्यांनी असंच शिकवलं होतं. बजरंग त्या हाताकडं बघत उभा राहिला. सारिका डाव्या अंगाला उभी राहून काहीतरी बोलत होती, बहुधा नेहमीचंच. फाटकाशी नलवडे मोटारसायकलवरून उतरता उतरता कुणाला तरी हुकूम सोडत होते. दोन-चार शेजारी कुंपणाशी आले होते. आबांचा हात वर गेला, आणि त्याच्या मागोमाग बजरंगचा.